नाव घातलेले डबे

मी कारखानदार आहे हे मला ठाण्याच्या नौपाड्यात कळलं. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक ऑफिस होतं. कॅनडात कायमचं राहायला जाऊ पाहणाऱ्यांचे अर्ज तिथे भरून मिळत. मी नवऱ्याबरोबर नुसती सोबत म्हणून गेले होते. ह्यांचं काम झालं की खाली उतरून मुलीच्या गणवेशाचं कापड घ्यायचं, एवढाच माझा बेत होता.

टाय लावलेल्या त्या सल्लागाराने आमच्या फाइलची चार पानं उलटली, आणि इतका वेळ ह्यांच्याशी बोलत असलेला माणूस एकदम माझ्याकडे वळला.

"मॅडम, अर्जदार तुम्ही आहात."

"मी कशी? मी आपली सहज आलेय."

"धंदा तुमच्या नावावर आहे ना? स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांच्या वर्गात अर्ज करायचा तर तो मालकाने करायचा. मालक तुम्ही. मुलाखत तुमची होणार, दिल्लीला."

"आणि हे?"

"साहेब तुमचे डिपेंडंट. साहेब आणि तुमची मुलगी, दोघं तुमच्यावर अवलंबून."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा असा झाला होता, जणू भर सभेत कुणी धोतर ओढलंय. मला हसू फुटलं, पण ते पुरतं बाहेर पडायच्या आतच विरलं. मुलाखत, इंग्रजीतून, दिल्लीला, आणि तीही पॉवर प्रेसच्या धंद्याबद्दल! मी आयुष्यात चालवलेलं सर्वांत मोठं मशीन म्हणजे मिक्सर.

हे कसं झालं ते सांगते. आमच्या घरात बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी रीत. मी लग्नात घेतलं, मंगळागौरीला उखाण्यात घेतलं, एरवी 'अहो'वर भागवलं. ह्यांनी मात्र अख्खा धंदा माझ्या नावाने चालवला. हे ठाण्याच्या एका कंपनीत सुपरवायझर होते आणि नोकरीत असताना दुसरा धंदा करायचा नाही असा कंपनीचा नियम होता. अशा नियमाला वळसा घालायची आमच्या डोंबिवलीतली पद्धत सगळ्यांना ठाऊक होती: करायचं ते बायकोच्या नावावर करायचं. आमच्याच इमारतीत एकाची रिक्षा बायकोच्या नावावर धावत होती आणि दुसऱ्याची विम्याची एजन्सी, कागदोपत्री, त्याची बायको स्वयंपाकघरात बसून चालवत होती. ह्यांनी एमआयडीसीत गाळा घेतला तेव्हा मला एवढंच म्हणाले, "लक्ष्मीच्या नावाने सुरुवात केलेली बरी." मी लाजले. आता आठवलं की माझाच मला राग येतो.

गाळ्यावर पाटी लागली, आधी माझं नाव आणि पुढे 'इंजिनिअरिंग वर्क्स'. नाव मोठं, लक्षण खोटं. मी तिथे वर्षातून एकदा जायची, खंडेनवमीला. मशीनना हळदकुंकू लावायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, कामगारांना पेढे द्यायचे की परत घरी. बाकी वर्षभर हे कागद पुढे करत आणि मी पोळ्या लाटता लाटता पिठाचा हात पुसून सही करत असे. काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. वाचावं असं वाटायला आधी ते आपलं आहे असं वाटावं लागतं.

नव्वदनंतर ह्यांच्या कंपनीला टाळं लागलं. हे पूर्ण वेळ गाळ्यात बसू लागले, पण मन लागेना. कंपनीतला एक मित्र आधीच कॅनडाला गेला होता. त्याने पाठवलेला फोटो, बर्फात उभी असलेली त्याची गाडी, ह्यांनी आरशाच्या चौकटीत खोचला होता. रोज दाढी करताना तो फोटो बघायचे. "इथे जन्मभर वॉशरच पाडत बसायचं का?" असं म्हणायचे. त्या फोटोसाठी ह्यांनी काहीही केलं असतं, आणि तेव्हा मला त्याचं कौतुक वाटायचं.

तर नौपाड्याहून परत आल्यावर माझी शाळा सुरू झाली. जेवणं झाली की हे अधिकारी व्हायचे आणि मी उमेदवार. खुर्ची मात्र एकच बरी होती, ती अधिकाऱ्याला.

"तुमच्याकडे किती कामगार आहेत?"

"सात. त्यातला एक सारखा गावाला जातो."

"अगं, ते सांगायचं नसतं. पॉवर प्रेस म्हणजे काय?"

"वरून खाली दणका देतं ते."

"झालं! गेला कॅनडा!" म्हणून हे कपाळावर हात मारून घ्यायचे आणि मुलगी वहीत तोंड खुपसून हसायची. पण मी चिवट आहे. रोज थोडं थोडं पाठ करत गेले. पत्र्याची पट्टी, डाय, पंच, स्क्रॅप. "आमच्या सर्व यंत्रांना सुरक्षेसाठी गार्ड बसवलेले आहेत." हे शेवटचं वाक्य ह्यांनी इंग्रजीतून लिहून दिलं होतं आणि मी ते गणपतीच्या आरतीसारखं घडाघडा म्हणायची.

मग मीच म्हटलं की न बघता पाठ केलेलं राहत नाही, मी गाळ्यात येते. ह्यांना ते फारसं आवडलं नाही. "तिथे तेल, आवाज, तुला डोकं दुखेल," असं म्हणाले. मी ऐकलं नाही. मुलगी शाळेत गेली की मी डबा घेऊन रिक्षाने एमआयडीसीत जायला लागले. पहिले काही दिवस कामगार अवघडले. मग सवय झाली. आणि मला, आश्चर्य म्हणजे, ते आवडायला लागलं. पत्र्याची पट्टी आत जाते आणि पलीकडून गोल चकत्या टपटप पडतात, तासन्‌तास बघत बसावं. माल मोजून घेणं, पोती शिवणं, गिऱ्हाइकाला फोनवर "उद्या नक्की" म्हणून थापा मारणं, हे सगळं मला जमत होतं. इतकी वर्षं हे माझं होतं आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं. काखेत कळसा म्हणतात तो हा.

एक दिवस हे गिऱ्हाइकाकडे भिवंडीला गेले होते. मी मनातल्या मनात उत्तरं घोकत होते आणि गार्डच्या वाक्यापाशी अडखळले. दिल्लीच्या साहेबाने विचारलं की गार्ड दिसतो कसा, तर काय सांगणार? मी मोठ्या प्रेसपाशी गेले. तिथे सगळ्यांत जुना कामगार काम करत होता, गाळा सुरू झाला तेव्हापासूनचा. तो पट्टी सरकवत होता आणि पायाने पेडल दाबत होता.

"दादा, ह्याचा गार्ड कुठला?"

त्याने पाय काढला. मशीन थांबलं. "गार्ड होय? तो मागे पडलाय, स्क्रॅपच्या पिंपामागे."

"मागे का? इथे नको का?"

"तो लावला की हात सारखा बाहेर घ्यावा लागतो, वहिनी. माल निम्मा निघतो. म्हणून काढलेला." मग सहज, माझी समजूत घातल्यासारखं, तो म्हणाला, "त्याची बोटं गेली तेव्हा साहेबांनी लावायला लावलेला. दोन-तीन महिने ठेवला. मग ऑर्डर आली मोठी, परत काढला. तुम्हाला माहितीच आहे."

"कोणाची बोटं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मग माझा चेहरा पाहून त्याला कळलं, आणि तो एकदम खाली वाकून पट्ट्यांचा गठ्ठा सारखा करायला लागला. गठ्ठा आधीच सारखा होता.

मी त्याला सोडलं नाही. खोदून खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ह्याच प्रेसवर एक तरुण कामगार होता, शहाडजवळच्या मोहने गावचा. उजव्या हाताची चारही बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. नवरात्राचे दिवस होते.

"नवरात्राचे?"

"हो, पंचमी का षष्ठी. नवमीला पूजा झाली ना आपली. तुम्ही आलेल्या की."

ती पूजा मला आठवत होती. त्या वर्षी मोठा प्रेस इतका लख्ख धुतलेला होता की मी ह्यांना म्हटलं होतं, "ह्या वर्षी बाई मशीन छान चमकवलंय." मी त्याला कुंकवाचं बोट लावलं होतं. वर माळ घातली होती, नारळ फोडला होता आणि सगळ्यांना भरभराट होऊ दे असं तोंडाने म्हटलं होतं. समोर हे सगळे कामगार उभे होते. त्यातला प्रत्येक जण ते रक्त बघून आलेला होता आणि मी हसत पेढे वाटत होते. त्यांना काय वाटलं असेल माझ्याबद्दल? मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि कुणाशी न बोलता घरी आले.

संध्याकाळी हे आले. मी चहा दिला नाही. सरळ विचारलं. ह्यांनी बूट काढता काढता एक क्षण हात थांबवला, एवढंच.

"तुला कुणी सांगितलं?"

"खरं आहे की नाही?"

"अगं, तेव्हा तुझी आई आजारी होती, तू माहेर आणि हॉस्पिटल करत होतीस. तुला आणखी त्रास कशाला? मी सगळं नीट केलं. दवाखाना केला, त्याला रक्कम दिली, त्याने लिहून दिलं की चूक त्याची होती. मिटलं."

"त्याने लिहून दिलं? कुठल्या हाताने?"

ह्यांनी बूट सरळ करून ठेवले. मग हळूच म्हणाले, "अंगठा होता ना. अंगठ्याचा ठसा घेतला."

मी अशी बाई आहे की मला राग आला तर आधी भांडी आपटते. त्या दिवशी मला भांडं उचलवेना. बोटं गेलेल्या हाताला जो एक अंगठा उरला त्याला शाई फासून कागदावर टेकवला, आणि कागदावर मालक म्हणून सही कुणाची? माझी. पोळ्या लाटताना केलेली. नवऱ्याकडून इतका धक्का मला लग्नानंतर कधी बसला नव्हता. हा माणूस वाईट नव्हता, हेच तर. माझ्या आईला ह्यांनी स्वतः उचलून रिक्षात घातलं होतं, त्याच आठवड्यात.

"आणि दिल्लीला विचारलं तर?" मी म्हटलं.

"कोण विचारतंय? आणि विचारलंच तर अपघात नाही म्हणायचं. ते काय डोंबिवलीला बघायला येणार आहेत? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्याला मूठ झाकता येते का, विचारून या एकदा," मी ओरडले. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी जुन्या कामगाराकडून पत्ता घेतला आणि ह्यांना न सांगता मोहन्याला गेले. शहाडला उतरून रिक्षा केली. जाऊन काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. चाळीतली शेवटची खोली होती. तो घरी नव्हता, कुठल्या तरी सोसायटीत वॉचमनचं काम करतो असं त्याच्या बायकोने सांगितलं. ती शेंगा निवडत बसली होती. मी माझं नाव सांगितलं, तशी तिचे हात थांबले.

"या," ती म्हणाली. "वळखते मी तुम्हाला. तुमचं नाव रोज वाचते."

मला काही कळेना. तिने मानेनेच भिंतीवरच्या फळीकडे दाखवलं. फळीवर स्टीलचे डबे होते. सगळे एका मापाचे, एकाला एक लागून. आमच्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत असते, नवं भांडं घेतलं की दुकानदार तिथल्या तिथे मशीनने टिकटिक करत नाव कोरून देतो. त्या प्रत्येक डब्यावर माझं नाव होतं. माझं स्वतःचं पूर्ण नाव, लग्नानंतरचं.

हे डबे माझ्याच घरातले होते. दर दिवाळीला एक डबा कमी व्हायचा. दर दिवाळीला हे म्हणायचे, "चांगला चकल्या-चिवड्याचा एक डबा भर, गाळ्यात माणसांना नेतो." मी कामगार खातील म्हणून तुपाला हात न आखडता करंज्या करायची. डबा परत आला नाही की ह्यांच्यावर करवादायची, "मेली ती माणसं, डबेसुद्धा ठेवून घेतात!" आणि पुढच्या वर्षी नवा घ्यायची. हे हसून गप्प बसायचे.

"दर वर्षाला साहेब देऊन जातात," ती म्हणाली. "म्हणतात, बाईंनी पाठवलंय."

म्हणजे हिला इतकी वर्षं वाटत होतं की मला सगळं ठाऊक आहे. चार बोटं घेतली आणि बाई दिवाळीला चकल्या पाठवते. मी म्हटलं, "अहो, मला माहीत नव्हतं. देवाशपथ, मला कालच कळलं."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. विश्वास ठेवला की नाही, कोण जाणे. "पाटीवर तुमचंच नाव हाय की," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "फराळ खाल्ला आम्ही, खोटं कशाला सांगू. पोरं खायचीच. डबे तेवढे वापरले नाहीत. दुसऱ्याच्या नावाचं भांडं आमच्यात वापरत न्हाईत."

मग ती उठली, फळीवरचे डबे एकेक करून काढले आणि माझ्या पिशवीत भरले. त्यांच्यावर धूळ होती. आत काही नव्हतं. कुणाचा डबा परत करताना आपण कधी रिकामा देत नाही. घरात काही नसलं तर निदान चिमूटभर साखर तरी घालतो. ही रीत मला माहीत होती, तिलाही असणारच. तिने डबे तसेच दिले, आणि मी ते तसेच घेतले. रिक्षात ते एकमेकांवर आपटत होते आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो.

घरी येऊन मी डबे स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीने मांडले. हे आले, त्यांनी पाहिलं, आणि पाणी न पिताच बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मी गाळ्यात गेले, पिंपामागचा गार्ड काढायला लावला, घासून प्रेसला बसवायला लावला. हे समोर उभे होते. कामगार आळीपाळीने आमच्या दोघांकडे बघत होते. "माल निम्मा निघेल," हे म्हणाले. मी म्हटलं, "पाटीवर माझं नाव आहे ना? मग निघू दे निम्मा." ते वाक्य मी तिच्याकडूनच उचललं होतं.

पण कॅनडाचा अर्ज गेलेला होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात दिल्लीचं बोलावणं आलं. ह्यांनी मला विनवलं. ओरडले नाहीत, आणि तेच जास्त कठीण होतं. "पोरीचं बघ. माझं सोड. एकदा 'नो' म्हण, बास. माझी सगळी उमेद तिथे अडकलीय." मी काहीच कबूल केलं नाही. खरं सांगायचं तर मी काय म्हणणार ते मलाच ठाऊक नव्हतं. आरशातला तो फोटो आता मलाही पाठ झाला होता. मुलीने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

वकिलातीतली खोली थंडगार होती. गोरा, वयस्कर अधिकारी, बाजूला हिंदी बोलणारी दुभाषी बाई. माझ्या शेजारी हे, नव्या कोटात. साहेबाने पहिल्यांदा नवऱ्याचं नाव विचारलं. मी उखाण्याशिवाय घेतलं आणि दरदरून घाम फुटला. पुढची उत्तरं भराभर आली. कामगार किती, माल काय, गिऱ्हाइकं कुठली. प्रेसबद्दल मी पाठ केलेलं सोडून माझ्या हिंदीत हातवारे करून सांगितलं तेव्हा साहेब हसला. हे माझ्याकडे अशा कौतुकाने बघत होते की मला रडू यायला लागलं.

मग त्याने विचारलं, "तुमच्याकडे कधी कुणी कामगार जखमी झाला?"

ह्यांचा बूट माझ्या चपलेला लागला. मुद्दाम लागला की थरथरत होता, मला आजही सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "हो. एकाची चार बोटं गेली."

दुभाषी बाईने सांगितलं. साहेबाचं हसू गेलं. "तुम्ही मालक म्हणून तेव्हा काय केलंत?"

"मी पूजा केली," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. "त्या मशीनची. आणि दिवाळीत चकल्या पाठवल्या."

दुभाषी बाई बुचकळ्यात पडली, पण तिने ते जसंच्या तसं सांगितलं असावं. कारण साहेबाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तशा नजरेने आजवर माझ्याकडे कुणी पाहिलेलं नाही. माझी चूक नाही असं कसं म्हणणार? सगळीकडे नाव माझंच होतं.

तेवढ्यात हे उभे राहिले. तिथे उभं राहायचं नसतं, सल्लागाराने बजावलं होतं. हे उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, तिला माहीत नव्हतं. तिला काहीच माहीत नव्हतं. धंदा मी चालवतो. गार्ड मी काढला." आणि मग परत, त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून, "मी काढला."

इतक्या वर्षांत चारचौघांत ह्यांनी 'धंदा मी चालवतो' असं म्हणण्याची ती पहिली वेळ. मी थक्क होऊन बघत राहिले. साहेबाने पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचलून काहीतरी लिहिलं. आम्हाला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

नकार यायचा तो आलाच. अर्जदार बाई व्यवसाय चालवत नाहीत, असं त्यात होतं. ह्यांनी तो मला वाचून दाखवला, आरशातला फोटो काढला आणि घडी न घालता कपाटात ठेवला. मुलगी दोन दिवस बोलली नाही. सल्लागाराने फोनवर ह्यांना वेडं म्हटलं. दिल्लीबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी बोललोच नाही. मी रोज गाळ्यात जात राहिले, आणि आता हे कागद पुढे करण्याऐवजी वाचून दाखवायला लागले.

दिवाळी आली. मी फराळ केला. ओट्यावर ओळीने ठेवलेल्या डब्यांतला एक ह्यांनीच उचलला आणि माझ्यापुढे ठेवला. "ह्या वेळी दोघं जाऊ," म्हणाले.

मोहन्याला गेलो तेव्हा तो घरी होता. वॉचमनच्या खाकी शर्टात. उजवा हात त्याने पाठीमागे ठेवला होता, सवयीने. ह्यांनी हात जोडले आणि जे सांगायचं ते सांगितलं. कागद खोटा होता, चूक तुझी नव्हती, गार्ड मी काढला होता. तो ऐकत राहिला. "आता काय त्याचं," एवढंच म्हणाला. त्याची बायको मधे आली, ह्यांच्या हातातला डबा घेतला आणि आत गेली. आतून आवाज येत होता, फराळ दुसऱ्या भांड्यात ओतल्याचा, मग नळाचा. ती डबा घेऊन बाहेर आली आणि तो माझ्या हातात न देता ह्यांच्या हातात दिला.

रिक्षात बसल्यावर ह्यांनी झाकण काढून पाहिलं. बायकांच्या रीती ह्यांना कळत नाहीत असं मी जन्मभर समजत आले होते.

"रिकामाच दिला गं," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "पण आज धुऊन दिला."

शहाड येईपर्यंत ह्यांनी तो मांडीवर धरून ठेवला होता. डबा अजून ओला होता.